डोळ्याची बाहुली शिवून घ्यावी की रंगीत लेन्सवर भागवावं?

डोळ्याला मुका मार बसून मोतीबिंदू झालाय आणि बाहुली मोठीच्या मोठीच राहिलीय, अशांसाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही, दोन्ही प्रकार करून बसलेला पेशंट आहे एवढंच. माझं निमित्त अगदीच फालतू, बॅडमिंटन. डबल्समध्ये मागे वळून बघितलं आणि पार्टनरचाच शॉट उजव्या डोळ्यात. क्रिकेटचा बॉल बऱ्याचदा भुवईच्या हाडावर तरी अडतो, शटलचं बूच मात्र थेट खोबणीत शिरतं. आत साचलेलं रक्त ओसरल्यावर कळलं की भिंग पांढरं पडतंय, त्याला धरून ठेवणारे धागे एका बाजूने तुटलेत आणि बाहुली आवळणारा स्नायू फाटलाय.

भिंगाच्या बाबतीत आपल्या हातात फारसं नसतं. धागे थोडेच तुटले असतील तर भिंगाच्या पिशवीत रिंग घालून नेहमीची फोल्डेबल लेन्स बसते, माझी तशीच बसली. जास्त तुटले असतील तर लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागात अडकवतात, चेन्नईच्या डॉ. अमर अग्रवालांची 2007 पासूनची ग्लूवाली पद्धत किंवा जपानच्या डॉ. यामानेंची, नाहीतर आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला, चिमटा घेऊन बसणारी क्लॉ लेन्स. यातलं काय ते सर्जनचा हात कशावर बसलाय त्यावर सोडा, खरी गोची बाहुलीची.

मला आधी जिथे दाखवलं तिथे म्हणाले, लेन्स टाकून घेऊ, बाहुलीचं काय, गॉगल वापरा. ऑपरेशन छान झालं, चार्टवरची शेवटून दुसरी ओळ वाचली, घरात पेढे. पण टाकलेल्या लेन्सचं भिंग असतं साधारण 6 मिमीचं आणि माझी बाहुली त्याहून मोठी, म्हणजे लेन्सच्या कडेवरून उजेड सरळ आत. रात्री समोरून गाडी आली की हेडलाईटच्या शेजारी कोयत्यासारखी एक चमकती रेघ. लोक डेव्हिड बोवीचं उदाहरण देतात, 1962 मध्ये मित्राचा ठोसा बसून त्याची डावी बाहुली कायमची मोठी राहिली आणि तरी तो एवढा मोठा स्टार झाला. झाला असेल, त्याला नाशिक-पुणे हायवेला रात्री गाडी चालवायची नव्हती.

रेघेची सवय झालीही असती, पण मला नडला तो वेगळाच प्रकार. उजेडात आलो की उजवा डोळा आपोआप मिटायचा, मला कळायचंसुद्धा नाही. बँकेत काउंटरवर डोक्यावरच एलईडी, आणि समोरच्या मॅडमना वाटलं मी डोळा मारतोय! त्यांनी हातातलं पासबुक खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ऑपरेशनची फाईल घेऊन फिरायला लागलो. भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एक फोटोत मी डोळा मारतोय.

मग रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स केली, मधे काळं गोल भोक, बाजूने तपकिरी रंग. कापाकापी नाही, नको वाटली तर काढून ठेवा, हे खरंच चांगलं आहे आणि ज्यांचा आयरिसच बराचसा गेलाय त्यांना कदाचित हेच बरं. पण पापणी मिटली की ते भोक किंचित सरकतं, आणि रस्त्यावरची धूळ गेली की दिवसभर चोळत बसा. मी सात महिने काढले. कृत्रिम आयरिसपण मिळतो, जर्मनीत सिलिकॉनचा बनवून देतात, अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झाला, पण खर्च ऐकून मी खुर्चीतून उठलो.

शेवटी बाहुली शिवली. केसापेक्षा बारीक प्रोलीनचा दोरा, सुई एकदाच आरपार आणि चार वेढे, गाठ नाहीच, ही पद्धतही अग्रवालांच्याच टीमची. तोटे आहेत, लपवत नाही. शिवलेली बाहुली उजेड-अंधारात हलत नाही, त्यामुळे थिएटरात शिरल्यावर थोडं चाचपडतो, आणि जवळून बघितलं तर ती जराशी अंडाकृती आहे. मोठा मुद्दा डोळ्यातल्या मागच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा. मार लागलेल्या डोळ्यात पडदा सुटायची भीती पुढेही राहते आणि शिवल्यावर तपासणीच्या थेंबांनी बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही, म्हणून शिवण्याआधी पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. वाइड फील्ड कॅमेऱ्यात लहान बाहुलीतूनही बराचसा दिसतो म्हणा. काचबिंदूसाठी डोळ्याचं प्रेशर मात्र दरवर्षी बघायचंच, शिवा नाहीतर नका शिवू.

प्रत्येकाचा डोळा वेगळा, त्यामुळे माझं बघून ठरवू नका, पण माझी रेघ गेली आणि डोळा मारणं बंद झालं. लेन्सच्या ऑपरेशनला जाणार असाल तर सूज वगैरे नसेल तेव्हा बाहुली त्याच टेबलावर शिवता येईल का एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून दोनदा डोळ्याजवळ भुलीचं इंजेक्शन आणि दोनदा महिनाभर थेंब.