टाको, एन्चिलाडा की बुरितो?

मेक्सिकन मेनूवर नावं आठ-दहा, सारण मात्र पुष्कळदा तेच: घेवडा (राजम्यासारखे शिजवलेले दाणे), चिकन, चीज. म्हणून आधी टॉर्टियाकडे, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळीकडे बघावं. मक्याची की गव्हाची? कोरडी, सॉसमध्ये भिजलेली की तळलेली?

टाकोची टॉर्टिया मक्याची, तळहाताएवढी, तव्यावर गरम करून नुसती दुमडलेली. आधीच वाकवून तळलेलं कडक कवच अमेरिकेत रुळलं. मेक्सिकोत टाको बहुधा मऊच. सारण रसदार असेल तर दोन टॉर्टिया एकावर एक घेतात. गार टॉर्टिया दुमडताना चिरते.

एन्चिलाडा म्हणजे मिरचीच्या सॉसमध्ये बुडवलेली. इथे हात बसावा लागतो. मक्याची टॉर्टिया गरम तेलातून दोन्ही बाजूंनी 5 ते 10 सेकंद काढायची, मग सॉसमध्ये बुडवून सारण भरून गुंडाळायची. तेल टाळलं की तिचा लगदा होतो. जास्त तळली की गुंडाळताना तुटते. ताजीपेक्षा आदल्या दिवशीची बरी, कारण तिच्यात ओल कमी असते. केल्याबरोबर वाढा. या सॉसऐवजी मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट सॉस) वापरलं तर एन्मोलादा, घेवड्याचा दाट रस वापरला तर एन्फ्रिहोलादा.

चिलाकिलेस हा नाश्ता: शिळ्या टॉर्टियांचे तुकडे तळून साल्सात परततात. फोडणीची पोळी आवडणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. केसादियात चीज घालून टॉर्टिया दुमडतात आणि तव्यावर भाजतात. मेक्सिको सिटीत मात्र चीज हवं का, ते सांगावं लागतं. तोस्तादा म्हणजे सपाट, कुरकुरीत टॉर्टिया, सारण वर पसरतात; ते आधीच घालून ठेवलं की मऊ पडते.

बुरितो गव्हाच्या टॉर्टियाचा, उत्तर मेक्सिकोचा. तिथे तो सडपातळ, एक-दोन सारणांचा. भात-घेवडा ठासून भरलेला जाडजूड बुरितो सॅन फ्रान्सिस्कोचा. डब्यात न्यायचा तर हाच, पण सारण गार करून भरा, नाहीतर वाफेने टॉर्टिया चिकट होते.

शाकाहारी असाल तर घेवडा आणि गव्हाची टॉर्टिया डुकराच्या चरबीत केली आहे का, ते आवर्जून विचारा.

घरी करताना आपलं साधं मक्याचं पीठ चालत नाही, लाटताना फुटतं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात (1 किलोला साधारण 10 ग्रॅम चुना), म्हणून पिठाला चिकटपणा येतो. हेच पीठ बाजारात ‘मासा आरीना’ नावाने मागा: 2 कप पिठाला साधारण दीड कप कोमट पाणी, अर्धा तास झाकून, 30 ग्रॅमचे गोळे.