एक्झोम, जीनोम की नेमकी एकच चाचणी? जनुकांबाहेरचा डीएनए लक्षात घेऊन निवड

मुलाचा विकास मागे पडतो आहे, एमआरआयमध्ये काही निघाले नाही, चयापचयाच्या चाचण्याही साफ आल्या आणि डॉक्टरांनी कागदावर ‘जेनेटिक टेस्ट’ एवढेच लिहून दिले. किंवा लग्न ठरलेल्या दोघांच्याही रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया मायनर’ आले, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे दोघेही वाहक. वडोदऱ्यात नमुना रावपुऱ्यात द्या की अलकापुरीत, तो बहुतेक वेळा अहमदाबाद, मुंबई किंवा दक्षिणेतल्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो. तिथून विचारणा येते: ठरावीक जनुकाची चाचणी करायची, एक्झोम (जनुकांतल्या प्रथिन बनवणाऱ्या भागांचे वाचन) करायचा की संपूर्ण जीनोम (सगळ्या डीएनएचे वाचन)?

त्यासोबत एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: “एक्झोम दीड टक्काच वाचतो, जीनोम सगळे वाचतो.” हे अर्धेच खरे आहे. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांत रोगाचे कारण सापडू शकते, पण त्यातले बरेचसे महत्त्वाचे भाग जीनोमपेक्षा कितीतरी स्वस्त चाचणीत जास्त नेमके दिसतात. काही भाग तर जीनोममध्येही धूसरच राहतात. म्हणून आमच्या मते आधी संशयित बदल कुठल्या जागी असू शकतो ते ठरवावे आणि मग चाचणी निवडावी. सर्वांत मोठी चाचणी म्हणजे सर्वांत चांगली, असे इथे चालत नाही.

नॉनकोडिंग म्हणजे एकच गोष्ट नव्हे

माणसाच्या जीनोमच्या एका प्रतीत सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात. प्रथिने बनवणारी जनुके २० हजारांच्या आसपास, आणि प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे कोडिंग भाग, एक ते दोन टक्के. बाकीच्या नॉनकोडिंग डीएनएत जवळपास निम्मा भाग पुनरावृत्तींचा आहे. त्यातल्या लाइन-१ कुळाने सुमारे १७ टक्के जागा व्यापली आहे, तर जेमतेम ३०० अक्षरांच्या अलू तुकड्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती विखुरलेल्या आहेत. २०१२ साली जीनोमचे कामकाज तपासणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के जीनोममध्ये काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते असे जाहीर केले आणि मोठा वाद झाला. हालचाल दिसली म्हणजे उपयोग सिद्ध झाला असे नाही, हा आक्षेप आम्हाला पटतो. चाचणी निवडणाऱ्याने त्या वादात शिरायची गरज नाही. त्याने पुढच्या पाच जागा ओळखल्या तरी पुरे.

पहिली जागा म्हणजे इंट्रॉनच्या कडा. जनुकाच्या नकलेतले, म्हणजे आरएनएतले, जे तुकडे टिकतात ते एक्झॉन आणि जे कापून टाकले जातात ते इंट्रॉन. जनुकाचा कच्चा आरएनए कापून जोडला जातो तेव्हा इंट्रॉनची सुरुवात जीटी आणि शेवट एजी या अक्षरांवरून ओळखला जातो. तिथले किंवा लगतचे अक्षर बदलले की जोड चुकतो. एक्झोम चाचणीत बहुतेक प्रयोगशाळा एक्झॉनच्या दोन्ही बाजूंची १०-२० अक्षरे वाचतात, त्यामुळे ही जागा एक्झोममध्येही दिसते.

दुसरी जागा इंट्रॉनच्या पोटात. लेबर जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारात सीईपी२९० जनुकाच्या २६व्या इंट्रॉनमध्ये कडेपासून १६५५ अक्षरे आत एका ए चा जी होतो, तिथे खोटा एक्झॉन तयार होतो आणि प्रथिन अर्धवट राहते. एक्झोम तिथवर पोचत नाही.

तिसरी जागा वाढत जाणाऱ्या पुनरावृत्तींची. चौथी एन्हान्सरची, म्हणजे जनुक कुठल्या पेशीत आणि केव्हा चालू व्हायचे हे ठरवणाऱ्या तुकड्यांची. हातापायाच्या बोटांची जडणघडण ठरवणाऱ्या सॉनिक हेजहॉग जनुकाचा एक एन्हान्सर त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर, एलएमबीआर१ या दुसऱ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसलेला आहे. दिवा माडीवर आणि त्याचे बटण शेजाऱ्याच्या तळघरात, असा प्रकार. त्यातले एक अक्षर बदलले तरी अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. मोठेपणी दूध पचणे न पचणेही असेच ठरते: लॅक्टेज जनुकाचे नियंत्रण शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या इंट्रॉनमधल्या एका अक्षरावर अवलंबून असते.

पाचवी जागा प्रथिन न बनवणाऱ्या आरएनए-जनुकांची. २०२४ मध्ये आरएनयू४-२ या १४१ अक्षरांच्या जनुकातला बदल हे बौद्धिक विकास मंदावण्याचे एक वारंवार आढळणारे कारण असल्याचे उघड झाले. जनुक इतके लहान असूनही ते वर्षानुवर्षे हुकत राहिले, कारण एक्झोमच्या किटमध्ये ते धरलेलेच नव्हते.

समोरासमोर

| चाचणी | नॉनकोडिंगपैकी काय दिसते | काय हुकते | कधी घ्यावी |
|---|---|---|---|
| नेमकी चाचणी (ठरावीक लोपासाठी गॅप-पीसीआर, पुनरावृत्तींच्या लांबीसाठी टीपी-पीसीआर, लोप किंवा जादा प्रतींसाठी एमएलपीए, एका जनुकाच्या अक्षरवार वाचनासाठी सँगर) | जे शोधायचे ते, फार खात्रीने | बाकी सगळे | लक्षणे एका आजाराकडे स्पष्ट बोट दाखवत असतील तर |
| एक्झोम | एक्झॉनच्या कडेची १०-२० अक्षरे | खोल इंट्रॉन, एन्हान्सर, पुनरावृत्ती, बरीच आरएनए-जनुके | लक्षणे अनेक जनुकांत बसत असतील तर |
| संपूर्ण जीनोम (१५० अक्षरांचे छोटे तुकडे) | खोल इंट्रॉन, एन्हान्सर, आरएनए-जनुके, कापले-जोडले गेलेले तुकडे | लांब पुनरावृत्तींची खरी लांबी, एकसारख्या जुळ्या जनुकांचे भाग | एक्झोम रिकामा आला आणि संशय मात्र पक्का असेल तर |
| आरएनए चाचणी | बदलामुळे जोड खरोखर चुकतो का | त्या पेशीत न चालणारी जनुके | जीनोममध्ये संशयास्पद बदल सापडल्यावर |

थॅलेसेमिया मायनर असलेली जोडी

इथे जीनोम म्हणजे निव्वळ पैशांची उधळण. गुजरातेत कॉलेजच्या पहिल्या वर्षी रेड क्रॉसच्या तपासणीत अनेकांना आपण वाहक असल्याचे कळते. तो रिपोर्ट शोधून काढा. एचपीएलसीमध्ये (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या रक्तचाचणीत) एचबीए-टू हा प्रकार ४ टक्क्यांच्या वर असेल तर निदान जवळपास नक्की. ३.५ ते ४ च्या मध्ये असेल तर आधी लोह तपासा, कारण लोह कमी असले की हा आकडा खाली येतो आणि वाहक माणूस ‘नॉर्मल’ ठरू शकतो. तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर एचपीएलसीवर विसंबू नका.

भारतात बीटा-थॅलेसेमियाचे बहुसंख्य रुग्ण पाच ठरावीक बदलांचे असतात. सर्वांत जास्त आढळणारा आयव्हीएस-१-५ हा नॉनकोडिंगच आहे: पहिल्या इंट्रॉनमधले पाचवे अक्षर, जी चा सी. आयव्हीएस-१-१ त्याच्याच शेजारचा. ६१९ अक्षरांचा लोप सिंधी कुटुंबांत विशेष दिसतो. तो गॅप-पीसीआरने लगेच पकडता येतो, पण एका प्रतीतला लोप एक्झोममध्ये निसटू शकतो. म्हणून आधी हे पाच बदल, त्यात नाही मिळाले तर संपूर्ण बीटा-ग्लोबिन जनुकाचे सँगर वाचन आणि तरीही नाही मिळाले तर एमएलपीए. हे जनुक दोन्ही इंट्रॉन आणि शेपटीसकट जेमतेम १६०० अक्षरांचे, त्यामुळे त्याचा नॉनकोडिंग भागही थोड्या खर्चात पूर्ण वाचून होतो. याच्या उलट डिस्ट्रोफिन, म्हणजे ड्युशेन या स्नायूंच्या आजाराचे जनुक: २२ लाख अक्षरे, ७९ एक्झॉन आणि बाकी सगळे इंट्रॉन. ड्युशेनमध्ये म्हणून आधी एमएलपीए करतात. त्यात आणि पुढच्या वाचनात काही मिळाले नाही, तर खोल इंट्रॉनमधला दोष दाखवायला बऱ्याचदा स्नायूच्या तुकड्यातला आरएनए लागतो.

दोघांचेही बदल गर्भधारणेच्या आधी माहीत हवेत. वारेचा तुकडा घेण्याची वेळ ११ ते १३ आठवड्यांची असते, आणि तोवर आईवडिलांचे बदलच शोधत बसलो तर ती हातची जाते. या तपासणीत गर्भाचे लिंग सांगणे पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा विचारूही नये.

छोटा उदेपूर, नर्मदा या पट्ट्यातून येणाऱ्या सिकलसेलच्या कुटुंबांनाही निदानापुरती एचपीएलसी पुरते. तिथला दोष कोडिंग भागात आहे. गंमत अशी की त्यावरच्या जनुकसंपादनाच्या पहिल्या मान्यताप्राप्त उपचाराने (ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३, अमेरिकेत डिसेंबर २०२३) ते दोषी अक्षर दुरुस्त केलेलेच नाही. बीसीएल११ए जनुकाच्या इंट्रॉनमधला, रक्तपेशींपुरताच चालणारा एन्हान्सर कापला, की गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.

बोलायला उशीर झालेला मुलगा

फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक विकास मंदावणाऱ्या आनुवंशिक आजाराची चाचणी वेगळी मागितल्याशिवाय होत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. एक्झोम ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे फ्रॅजाइल एक्स नाही, असे समजू नका. एफएमआर१ जनुकाच्या प्रथिनापूर्वीच्या टोकात सीजीजी हे त्रिकुट पुन्हा पुन्हा येते. ४४ पर्यंत सामान्य, ४५ ते ५४ संदिग्ध, ५५ ते २०० पूर्वावस्था आणि २०० च्या वर जनुक बंद पडून आजार. १५० अक्षरांचा तुकडा २०० त्रिकुटे ओलांडू शकत नाही, म्हणून जीनोममध्येही फार तर संशय येतो. लांबी मोजायला टीपी-पीसीआर लागते, गरज पडल्यास सदर्न ब्लॉट.

चाचणीआधी आजोळची चौकशी करा. आईचे वडील पन्नाशीनंतर थरथरू लागले, चालताना तोल जायला लागला, किंवा एखाद्या मावशीची पाळी चाळिशीच्या आत थांबली, तर ही पूर्वावस्थेची लक्षणे असू शकतात. घरात ती ‘म्हातारपण’ किंवा ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिलेली असतात. शाळकरी वयात तोल जाऊ लागलेल्या मुलामुलीत फ्रीड्रायख अॅटॅक्सियाची जीएए पुनरावृत्ती अशीच वेगळी मोजावी लागते. तीही इंट्रॉनमध्येच असते.

जीनोम कधी परवडतो

एक्झोममधून साधारण तीनपैकी एका मुलाचे निदान होते. ते झाले नाही तर लगेच जीनोमकडे धावण्याआधी जुन्या एक्झोमचे पुन्हा विश्लेषण करून घ्या, विशेषतः वर्ष-दोन वर्षे उलटली असतील तर. नवी जनुके सतत सापडत असल्याने जुन्याच माहितीत उत्तर निघते, आणि तेही थोड्या पैशांत.

त्यानंतर जीनोम घ्यायचाच तर तिघांचा घ्या: मूल, आई, वडील. एका माणसाच्या जीनोममध्ये संदर्भापेक्षा वेगळी ४० ते ५० लाख अक्षरस्थाने निघतात. आईवडील सोबत वाचले तर मुलात नव्याने झालेले बदल ६०-७० वर येतात आणि त्यातला एखाद-दुसराच कोडिंग भागात असतो. एकट्या मुलाचा जीनोम म्हणजे नॉनकोडिंग बदलांचा ढीग, ज्यावर कोणी खात्रीने बोलू शकत नाही. पैसे तिघांना पुरत नसतील तर एकाच्या जीनोमपेक्षा तिघांचा एक्झोम बरा. आपल्या मराठी लोकांत मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत आईवडिलांचे नाते फॉर्मवर स्पष्ट लिहा. गुजराती डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असे नाही, आणि विश्लेषण करणाऱ्याला त्यावरून कुठल्या भागात दोन्ही प्रती एकसारख्या शोधायच्या ते कळते.

ऑर्डर देण्यापूर्वी प्रयोगशाळेला लेखी विचारण्याच्या गोष्टी: वाचन सरासरी ३० पट आहे का (म्हणजे एकेक अक्षर सरासरी ३० वेळा वाचतात का), लायब्ररी, म्हणजे वाचनासाठी तयार केलेला डीएनए, पीसीआरने प्रती न वाढवता बनवतात का (जी आणि सी अक्षरांनी भरलेले प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे सुरुवातीचे भाग, त्यानेच नीट येतात), खोल इंट्रॉन आणि आरएनए-जनुके विश्लेषणात प्रत्यक्ष तपासतात का, आणि कच्ची फाइल देतात का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जीनोम वाचून रिपोर्ट फक्त एक्झॉनचा द्यायचा, हे सर्रास चालते. त्या रिपोर्टला एक्झोमपेक्षा कितीतरी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

नॉनकोडिंग बदल बहुधा ‘अर्थ अनिश्चित’ या वर्गात येतो. त्यावर गर्भपाताचा किंवा लग्न मोडण्याचा निर्णय घेऊ नये. स्प्लाइसएआय हा संगणकीय अंदाज ०.८ च्या वर असेल तर बदल पुढे तपासण्यासारखा, ०.२ च्या खाली असेल तर जोड बिघडण्याची शक्यता कमी. पण अंदाज तो अंदाजच. पुरावा आरएनएतून येतो, आणि ते जनुक रक्तात चालत नसेल तर त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेऊन पेशी वाढवाव्या लागतात.

नमुना

डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, २ ते ४ मिलि. हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी नको, हेपरिन पीसीआर अडवते. लाळ चालते, पण तिच्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचनाचा वाटा खातो आणि एकेक अक्षर कमी वेळा वाचले जाते. रक्त गोठवू नका. मेच्या ४२ अंशांत थंड पॅक लावा, पण नळी बर्फाला चिकटू देऊ नका. आरएनएची पॅक्सजीन नळी २.५ मिलि भरून लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा आणि दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवा. तिला खोलीत तीन दिवस आणि फ्रिजमध्ये पाच दिवस मिळतात. म्हणून शनिवारी किंवा उत्तरायणाच्या जोडसुटीच्या आदल्या दिवशी हे रक्त देऊ नका. आणि रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी प्रयोगशाळेला मेल करून कच्ची फाइल मागा. तीन जणांच्या जीनोमला शेकडो जीबी जागा लागते, तेव्हा एक टेराबाइटची डिस्क सोबत पाठवा.