होडीच्या आडोशाला कॅमो नेट, रॅफिया की पाचट? सहा महिन्यांच्या वापरानंतर

भिगवणजवळ कुंभारगावला बदकांचे फोटो काढायला जायला लागून मला बरीच वर्षं झाली. काठावरून लेन्स पुरत नाही, आणि उघडी होडी दिसली की थापट्या आणि तलवार बदकं लांबूनच उठतात. म्हणून यंदा ओळखीच्या मामांची १४ फुटी होडी हंगामभरासाठी ठरवली आणि तिच्यावर आडोसा बांधला. नोव्हेंबर ते एप्रिल, एकूण १९ फेऱ्या. तेवढ्यात तीन प्रकारचं आच्छादन वापरून झालं.

सांगाडा सगळ्यांना एकच होता, पीव्हीसी पाइपच्या कमानींचा. पहिल्यांदा तो चार फूट उंच केला आणि चुकलो. दहा वाजता वारा सुटला तशी होडी शिडासारखी फिरायला लागली, वल्ही मारून मारून मामा दमले. मग उंची अडीच फुटांवर आणली आणि बसायला खाली नुसता पाट ठेवला. पाठीला त्रास होतो, पण होडी ठरते.

सुरुवात स्वस्तातल्या कॅमो नेटनं केली, पानांच्या आकाराचे काप असलेल्या नायलॉन जाळीनं. दुकानात छान दिसते. पहाटे पाण्यावर दव पडलं की तिचं प्रत्येक पान चकाकतं, आणि वाऱ्यावर सगळी पानं फडफडतात. चौथ्या फेरीत मी काठावर उभा राहून मामांना होडी लांब न्यायला सांगितली, तेव्हा मलाच कळलं की काय चाललंय. स्थिर गवतात एकच तुकडा सतत हलत होता. त्यातून ती मी एकदा घरच्या साबणाच्या पावडरनं धुतली होती. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरींत जे घातलेलं असतं, त्यानं कापडाला निळसर उजाळा येतो. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या चार तऱ्हांच्या पेशी असतात, आपल्या तीन. आपल्याला जे मळकट हिरवं वाटतं ते त्यांना तसंच दिसेल असं धरून चालू नये. जाळी आता घरी पडून आहे.

डिसेंबरात रॅफियाच्या चार चटया मागवल्या, ६,४०० रुपयांना. रॅफिया म्हणजे आफ्रिकेतल्या, विशेषतः मादागास्करच्या एका ताडाच्या पानांचे धागे. अशा चटया मुळात अमेरिकेतल्या बदकांच्या शिकाऱ्यांच्या होड्यांसाठी बनतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे, पण होडी लपवायची गरज फोटोवाल्यालाही तेवढीच आहे. माल उत्तम. धागा मऊ, ओला झाला तरी चमकत नाही, आणि हलला तर सगळाच्या सगळा हळू हलतो, खऱ्या गवतासारखा. जानेवारीतल्या एका सकाळी हळदी-कुंकू बदकांची जोडी आमच्यापासून १२-१५ फुटांवर आली. नरानं चोच पाण्यातून वर काढली तेव्हा टोकाची पिवळी हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके मी कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहिले. शटर दाबायचं भानच राहिलं नाही.

पण रॅफियाचे धागे गळतात. फेब्रुवारीत परतताना चटईचा एक सैल झुबका पाण्यात लोंबत होता, तो इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला गेला आणि भर पाण्यात इंजिन बंद पडलं. मामांनी अर्धा तास वाकून विळ्यानं धागे कापले. तेव्हापासून मागचे तीन फूट मी मोकळेच ठेवतो आणि खालची कड पाण्यापासून वीतभर वर कातरतो. चटई वाळली की लगेच पेट घेईल अशी असते, त्यामुळे होडीत स्टोव्ह नाही, विडी नाही. मामांनी हे मनापासून पाळलं.

खरी अडचण मात्र रंगाची होती. उजनी धरणाचं पाणी उतरत जातं तसा काठ बदलतो. नोव्हेंबरात पाणकणीस आणि बेशरम हिरवीगार असते, फेब्रुवारीत सगळं वाळकं पिवळं, आणि एप्रिलमध्ये नुसता राखाडी गाळ. एका रंगाची चटई सहा महिने कशी पुरणार? हे मामांनीच ओळखलं. म्हणाले, "दादा, तुमचं गवत भारी हाय, पण हितलं न्हाई. पाचट बांधून बघा की."

इंदापूर तालुका उसाचा, पाचटाला तोटा नाही. गोणपाटाचे पट्टे कमानींवर ताणले, त्यात सुतळीनं पाचटाच्या मुठी ओवल्या. दोघांनी मिळून दोन तास लागले, खर्च सुतळीचा आणि गोणपाटाचा, ३५० रुपये. हातमोजे घालाच, पाचटाची कड ब्लेडसारखी कापते आणि कूस दिवसभर खाजवते. रंग काठाशी इतका जुळला की मार्चमध्ये वारकरी पक्षी थेट होडीला खेटून पोहत गेले. तोटे आहेत: गोणपाट भिजलं की जड होऊन झोळ पडतो, दोन दिवस वाळवलं नाही तर कुबट वास येतो, आणि पाचट तीन-चार फेऱ्यांत मोडतं. मोडलेलं काढून नवीन ओवायला वीस मिनिटं पुरतात.

एक काम मात्र करू नका. जलपर्णी उचलून होडीवर पसरायची हौस काहींना असते. तिचा तुकडा दुसऱ्या तळ्यात गेला तरी तिथे ती पसरते.

आणखी एक सांगायचं राहिलं, वरची बाजू. बदकं उतरण्याआधी एक घिरटी घेतात आणि तेव्हा वरून तुमचं तोंड आणि हात दिसतात. डोक्यावर अर्ध्या भागात तरी झाकण हवंच, आणि लेन्सला मातकट कापडाची बाही. शिवाय होडी लावून थांबायचं, आडोशाआडून थव्याच्या मागे जायचं नाही.

आत्ता रॅफियाच्या दोन चटया शाबूत आहेत. येत्या नोव्हेंबरात त्या पुढच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या बाजूला, मऊ आणि बिनआवाजाच्या म्हणून लावणार, आणि दोन्ही बगलांना पाणकणसाच्या वाळक्या पानांत मिसळलेलं पाचट. पानं तिथल्याच काठावर गळून पडलेली घेऊ, उभी कापणार नाही. मामांनी सुतळीचे दोन गुंडे आत्ताच आणून ठेवलेत.