बुतांतानचं जीवशास्त्र संग्रहालय, साओ पावलो: सापांपाशीच थांबू नका

साओ पावलोत नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाला मी बुतांतान संस्थेच्या जीवशास्त्र संग्रहालयात पाठवते. गर्दी सापांपुढे असते. तुम्ही सरळ कोळ्यांच्या काचांकडे जा आणि आर्मादेइरा शोधा. आर्मादेइरा म्हणजेच फोन्यूट्रिया निग्रिव्हेंटर हा विषारी भटका कोळी या भागातल्या घरांतही शिरतो, त्यामुळे त्याची ओळख असलेली बरी.

घाई केलीत तर काहीच दिसणार नाही. हा कोळी जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाही. रात्री जमिनीवर फिरून शिकार करतो आणि दिवसा दडी मारतो. काचेशी वाकून बराच वेळ उभी राहिले, तेव्हा कुठे सालीच्या कडेशी दोन केसाळ पाय दिसले. मग जबड्यांवरचे तांबूस केस, आणि त्यांच्या वर डोळे: पुढे दोन, मध्ये चार, मागे दोन. मोठ्या कोळ्याच्या पायांचा पसारा 15 सेंटिमीटरच्या आसपास जातो, हे आकडा वाचून कळत नाही, समोर बघून कळतं. डिवचला तर तो पळण्याऐवजी पुढचे चार पाय उंच उभारून डोलतो. म्हणून पोरांना काच अजिबात ठोकू देऊ नका.

दुसऱ्या एका शहरात एका खासगी प्रदर्शनात याच कोळ्यापुढे नुसती कवटी रंगवलेली पाहिली होती. तो राहतो कुठे, चावला तर करायचं काय, एक अक्षर नाही. मला त्याचा फार राग आला. बुतांतानचं मोल इथेच आहे. 1901 मध्ये, सांतुस बंदरात प्लेगची साथ आल्यानंतर, ही संस्था उभी राहिली. व्हितल ब्राझील तिचे पहिले संचालक. आज घोड्यांच्या रक्तातून कोळी-विंचवांच्या विषावरचा उतारा इथेच तयार होतो. चावल्यावर जबर वेदना होतात, घाम फुटतो, पण बहुतेकांना वेदनाशमनाच्या उपचारांनी बरं वाटतं. उतारा गंभीर रुग्णांना लागतो. धोका लहान मुलांना जास्त, तेव्हा त्यांना लगेच दवाखान्यात न्यायचं.

या कोळ्याच्या इतर जाती अॅमेझॉनच्या जंगलात आणि वर मध्य अमेरिकेपर्यंत आहेत. आपल्या वाट्याला आलेला हा आग्नेय ब्राझीलचा. विटांचे ढीग, लाकूडफाटा, केळीचे घड, बाहेर ठेवलेले बूट या त्याच्या दडायच्या जागा. मार्च ते मे हा त्याचा विणीचा काळ. नर माद्यांच्या शोधात हिंडतात आणि चावेही याच दिवसांत वाढतात. त्यामुळे शक्यतो त्याआधीच जाऊन या.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर बुतांतान स्थानकाला उतरा. आवार मोठं आणि झाडांचं आहे, अर्धा दिवस हाताशी ठेवा. सोमवार टाळा. माझ्याकडून पाचपैकी पाच.