पीसीपी एअर पिस्तूल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेले भारतीय बनावटीचे पीसीपी एअर पिस्तूल, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणारे पिस्तूल, मी सोलापुरातील एका शूटिंग रेंजवर बहुतेक रविवारी वापरते. स्पर्धेत उतरण्याचा माझा विचार नाही. सकाळचे दोन-तीन तास मन लावून नेम धरावा, एवढ्याच हौसेने ते घेतले आणि हा अभिप्रायही तशाच हौशी मंडळींसाठी आहे. परवान्याची शंका बहुतेकांना असते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 ज्यूलच्या आतील शक्तीच्या 4.5 मि.मी. एअर गनला परवाना लागत नाही.

या पिस्तुलाचा ट्रिगर मला सर्वांत आवडला. 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात ट्रिगरचा ताण किमान 500 ग्रॅम असावा लागतो आणि तो येथे स्क्रूने नेमका जुळवता येतो. पहिला टप्पा संपताच बोटाला स्पष्ट अडसर जाणवतो, तेथून बोट सरळ मागे आले तर ठीक, किंचित बाजूला ओढले गेले की छर्रा डावीकडे गेलाच म्हणून समजावे. दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मि.मी. व्यासाचे, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढे असते. टार्गेट धूसर दिसले तरी चालेल, पण नजर पुढच्या माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या नेम धरण्याच्या खुंटीवरून, हलता कामा नये, असे रेंजवरचे सर सतत सांगतात, त्यामागे साधे गणित आहे: माशी आणि मागची खाच यांत सुमारे 33 सें.मी. अंतर आहे, त्यामुळे माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छर्रा दीड सेंटिमीटर चुकतो. त्यामानाने संपूर्ण हात थोडा डुलला तर फारसे बिघडत नाही.

लाकडी दस्त्याबद्दल मात्र तक्रार आहे. मध्यम म्हणून आलेला दस्ता माझ्या तळव्याला मोठा होता आणि विक्रेत्याने बदलून देण्यास टाळाटाळ केली. अखेर सरांच्या देखरेखीखाली कानस आणि पॉलिश पेपरने तो घासून घेतला. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या छताखाली तळहाताला असा घाम सुटतो की दस्ता खरखरीत ठेवलेलाच बरा.

खरी अडचण हवेची आहे. सिलिंडर 200 बार (दाबाचे एकक) इतक्या दाबापर्यंत भरावा लागतो. हातपंपाने ते काम दमवणारे तर आहेच, शिवाय पंपातील ओलावा आत जाऊन सील खराब होण्याचा धोका राहतो. म्हणून आपल्या रेंजवर कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर आहे का, याची खात्री करूनच पैसे मोजावेत. पहाटेच्या गारव्यात पूर्ण भरलेला सिलिंडर दुपारी बंद मोटारीत ठेवू नये, कारण तापल्याने आतला दाब मर्यादेबाहेर जातो. जुने पिस्तूल घेणाऱ्यांनी सिलिंडरवर कोरलेली तारीख अवश्य पाहावी; त्याची मुदत साधारणपणे 10 वर्षे असते आणि नवा सिलिंडर स्वस्त मिळत नाही.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्यावेत, त्यांनी कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाहीत. छर्रे शिशाचे असल्यामुळे रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.