दोन महिने की तेरा?

आदिवासी पाड्यांवर काम करायचंय, तर इंटर्नशिप घ्यावी की फेलोशिप?

इंटर्नशिप घरी राहून जमते. सकाळी गोरेगावला उतरायचं, आरेच्या पाड्यावर जायचं, संध्याकाळच्या लोकलने परत. पैसे बहुधा नाहीत. प्रवासखर्च मिळाला तरी नशीब. मी दोन महिने केली. पहिला आठवडा एक्सेल भरण्यातच गेला. मग जूनच्या तोंडावर एका वारली आजींनी शेवळं ही रानभाजी ओळखायला शिकवलं. "काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय शिजवू नकोस, घसा खाजेल," असंही बजावलं. हात जरा बसतोय तोवर मुदत संपली!

एसबीआय यूथ फॉर इंडियासारखी फेलोशिप १३ महिन्यांची. मानधन मिळतं, मुक्काम गावातच. फरक इथेच पडतो. २००६च्या वनहक्क कायद्याखालचा गावाचा जंगलावरचा सामूहिक दावा ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा सरकतो. दोन महिन्यांत त्यातलं फार तर एखादं पान दिसतं.

माझा कौल फेलोशिपलाच. मात्र डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर मानधनातून हप्ता निघेल का, ते आधी मांडून बघा. आणि पावसात चिखल तुडवणं झेपतं की नाही, हे आरेतही कळतं.