नऊ महिने झोळीत: जहाजावरच्या हॅमॉकचा वापरानंतरचा अनुभव

अखाजीला हे हॅमॉक अंगणातल्या निंबाला बांधलं, तेव्हा आजी बघून म्हणाली, "हाई ते पोरनी झोयी शे ना वं!" खरंच आहे. कापूस वेचायला जाताना बाया बांधावरच्या झाडाला बाळासाठी झोळी बांधतात, तिचीच ही मोठी बहीण. मी तिच्यात नऊ महिने झोपले, तीन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर भरणाऱ्या शाळेत, माझ्याच वयाच्या पन्नासेक मुलामुलींबरोबर. आपल्या तापीकाठाहून कुणी अशा शाळेला निघत असेल, तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आमच्या जहाजावर विद्यार्थ्यांना खोल्या नव्हत्या. ज्या डेकवर झोपायचं, तिथेच सकाळी नाश्त्याची टेबलं मांडायची आणि नंतर तिथेच वर्ग भरायचा. म्हणून झोळी. रात्री हुकांना अडकवायची, सकाळी गुंडाळून दोरीचे सात फास घालून आवळायची आणि कप्प्यात ठेवायची. पद्धत जुनी आहे. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथले लोक अशा झोळ्यांत झोपत होते; युरोपच्या जहाजांनी ती त्यांच्याकडून घेतली. पुढे ब्रिटिश नौदलात माणशी १४ इंच रुंदीची जागा मोजून देत. आम्हाला त्याहून बरीच जास्त होती, तरी शेजारणीचं कोपर लागायचंच.

मी घरून नायलॉनची ट्रेकिंगवाली झोळी नेली होती. ती नेऊ नका. नायलॉन ओलसर हवेत ताणतं. रात्री कमरेच्या उंचीला बांधलेली झोळी पहाटे खालच्या बाकाला टेकायची आणि प्रत्येक लाटेला पाठीत धक्का बसायचा. आठव्या दिवशी मी जाड सुती कॅनव्हासची घेतली. दोन्ही टोकांना बारीक दोऱ्यांचा पंखा आणि डोक्याकडे एक आडवी काठी, म्हणजे कापड तोंडावर मिटत नाही. तिच्या नऊ महिन्यांचा हा हिशेब.

खवळलेल्या समुद्रात तिला तोड नाही. जहाज कलतं, झोळी सरळच लटकते. अंधारात लाल दिव्याखाली पन्नास झोळ्या एकाच तालात हलताना दिसतात, आणि थोड्या वेळाने कळतं की हलतंय ते जहाज, आपण नाही. पहिल्या आठवड्यात मळमळीने मी हैराण होते. उभं राहवत नव्हतं, बसवत नव्हतं, झोळीत आडवं झालं की मात्र पोट शांत व्हायचं. दिवा लाल का, तर लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. वर जाऊन लगेच टेहळणी करता येते.

झोप मात्र सलग मिळत नाही. माझी वॉच, म्हणजे जहाजावरच्या कामाची पाळी, बारा ते चार, दुपारीही आणि रात्रीही. वीस मिनिटं आधी कुणीतरी येऊन हळूच नावाने उठवायचं आणि सांगायचं, "वारा वाढलाय, पाऊस नाही, दोन स्वेटर घाल." हे मला फार आवडायचं. घरी उठवतानाही मी आता बाहेरची हवा सांगते. मग कधी सुकाणूवर, कधी टेहळणीला, कधी हार्नेस (पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) लावून डोलकाठीवर शीड गुंडाळायला. चढायचं नेहमी वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा आपल्याला दोरांवर दाबून धरतो. चारला परतलं की थिजलेल्या बोटांनी झोळी चाचपायची. साडेसातला ती उतरवावीच लागते, कारण खाली पोहे नव्हे, ओट्स वाट बघत असतात. ठेच्याची बरणी मी तीन आठवडे पुरवली.

थंडी खालून लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं. अंगाखाली पांघरूण दबतं, ऊब धरत नाही आणि खालून गार हवा फिरते. उत्तर समुद्रात दोन रात्री कुडकुडले, मग आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी अंगावरून काढून खाली घातली. ती घडी जाड, दबत नाही. गोधडी न्याच.

दुसरा त्रास मिठाचा. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे साधारण २,७०० सागरी मैल आम्ही व्यापारी वाऱ्यांवर गेलो. एका रात्री झरोका उघडा राहिला आणि झोळी खाऱ्या पाण्याने भिजली. वाळते, पण मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून संध्याकाळी पुन्हा चिकट. गोडं पाणी मोजून मिळायचं, धुणार कशात? चार दिवसांनी पावसाची सर आली, तेव्हा सगळ्या मुली झोळ्या घेऊन डेकवर धावल्या. मृगाच्या पहिल्या पावसाला आमच्या गल्लीत होतो तसाच कल्ला. एवढं करूनही कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आले, ते अजून गेलेले नाहीत.

उंच मुलांनी घेण्याआधी लांबी मोजावी; सहा फुटी मित्राची मान आखडायची. पोटावर झोपणाऱ्यांना ही जमणार नाही. बंदरात जहाज स्थिर असलं की शेजारणीने कूस बदलली तरी आपण हलतो.

गावातल्या मुली विचारतात, आपल्याकडे अशी जहाजं आहेत का? आहेत. आयएनएस तरंगिणी १९९७ साली आणि आयएनएस सुदर्शिनी २०१२ साली नौदलात आली, दोन्ही गोवा शिपयार्डने बांधलेली. त्यांवर नौदलाचे कॅडेट शिकतात.

पंख्यातल्या दोन दोऱ्या आठव्या महिन्यात तुटल्या. आबांनी घरच्या सुती दोराने ओवून दिल्या, त्या जुन्यांपेक्षा घट्ट आहेत. आता दुपारी तिच्यात आजी झोपते. तिला चढता यावं म्हणून गाठ उतरवून झोळी गुडघ्याइतकी खाली घेतली आहे.